काळ्या फवाऱ्याखालचं दार

एकदा एका कापडव्यापाऱ्याने आपली चाळीस वर्षं जुनी मोटार नव्याने रंगवायला काढली. व्यापाऱ्याचं नाव महालिंगशेठ. गाडी मात्र त्यांच्या आईची होती. पती अकाली गेल्यावर त्या बाईंनी पस्तिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकून, मागच्या सीटवर कापडाचे तागे रचून गावोगावचे बाजार केले होते आणि त्यावर घर उभं केलं होतं. आता त्यांची पंच्याहत्तरी होती. त्याच गाडीतून आईला समारंभाला न्यायचं, असा शेठचा संकल्प होता.

गाडी बाबालाल मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आली. मिस्त्रींनी सत्तरी ओलांडलेली. पंचक्रोशीत त्यांच्या रंगकामाला मान होता. त्यांच्याकडे वैजयंता नावाची शिष्या आठ वर्षं काम शिकत होती. गाडीभोवती एक फेरी मारून मिस्त्री तिला म्हणाले, "बॉनेट फारच गेलंय, तेवढं मी करतो. बाकीची गाडी तुझी. हे काम तडीला गेलं, की स्वतःचं गॅरेज काढायला तू मोकळी."

वैजयंता महिनाभर त्या गाडीत बुडून गेली. जुना रंग खरवडून तिने पत्रा उघडा केला. दारांच्या तळाशी गंजाने चाळण झाली होती. तेवढा भाग कापून तिने नवा पत्रा जोडला. पोचे ठोकून काढले, राहिलेला खोलगटपणा पुट्टीने भरला, घासला, पुन्हा भरला, पुन्हा घासला. शेवटी रंगाआधीचा, प्रायमरचा राखाडी हात बसला, तेव्हा ती गाडी नुकतीच कारखान्यातून आल्यासारखी दिसू लागली.

समारंभाला चार दिवस उरले होते. महालिंगशेठ काम पाहायला आले. दारावरून हात फिरवून म्हणाले, "काचेसारखं झालंय, ताई. यात खोट काढायला जागाच नाही."

वैजयंताला अभिमान वाटला आणि तिने तो लपवलाही नाही.

मिस्त्रींनी डब्यात थोडा काळा रंग पातळ केला, स्प्रे गन भरली आणि कोणाला काही न सांगता त्या स्वच्छ राखाडी गाडीवर काळा फवारा मारत निघाले. दारं, छत, मडगार्ड, बॉनेट, कशालाही त्यांनी वगळलं नाही. जिथे तिथे काळे शिंतोडे बसले. काजळीच्या खोलीतून बाहेर ओढल्यासारखी गाडीची दशा झाली.

शेठ पुढे झाले. "मिस्त्री, हे काय केलंत? महिन्याची मेहनत आहे ही."

वैजयंताला कळेना. आपल्या हातून असं काय चुकलं, की गुरूने परक्या माणसासमोर आपल्या कामाला काळं फासावं?

मिस्त्रींनी लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळला आणि तो तिच्या हातात दिला. "घास. जोर देऊ नकोस. ठोकळा जाईल तसा जाऊ दे."

ती डाव्या दारापासून घासू लागली. ठोकळा फिरला तिथला काळा रंग निघून राखाडी पृष्ठभाग वर आला. पण सगळीकडे नाही. हँडलखाली एक काळा डाग तसाच राहिला. मग तळाशी दोन, कडेला एक लांबट. त्या एका दारावर तिने अकरा डाग मोजले. डोळ्याला दिसले नव्हते, तळव्याला लागले नव्हते आणि सपाट ठोकळाही ज्यांच्यात पोचला नाही, असे ते अकरा उथळ खळगे होते.

"आता माझं बॉनेट घास," मिस्त्री म्हणाले.

तिने घासलं. तिथेही मधोमध तळहाताएवढा काळा डाग उरला. मिस्त्री त्याच्याकडे बघून समाधानाने हसले.

"बघितलंस? पन्नास वर्षं हेच करतोय, तरी राहिलाच. पोरी, प्रायमरचा रंग सगळ्यांना सांभाळून घेतो. त्याच्यावर उजेड पडला तरी तो काही बोलत नाही. यावर गडद निळा चढला, की हाच पत्रा आरसा होतो. मग प्रत्येक खळगा उन्हात चारचौघांत उभा राहतो. कौतुक झाल्यावर आपण बघायचं थांबतो. म्हणून काम चांगलं झालं असं वाटलं, की मी ते एकदा काळं करतो. वाईट कामावर फवारा मारायची मला कधी गरज पडली नाही."

शेठ घड्याळ पाहत म्हणाले, "हे सगळं खरं. पण इतकं निरखून कोण बघणार आहे? उद्या रंग मारला तर गाडी समारंभाला मिळते. मारून टाका."

मिस्त्रींनी वैजयंताकडे पाहिलं. "काम तुझं आहे. तू सांग."

वैजयंताने दारावरच्या एका डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शेठ, हे भरायलाच अजून तीन दिवस लागतील, रंग त्यानंतर. गाडी समारंभाला मिळणार नाही. दोष माझा आहे, पण ही गाडी मी अशी देणार नाही."

शेठ रागाने निघून गेले. समारंभाला आई भाच्याच्या गाडीतून गेल्या.

वैजयंताने एकेक डाग पुट्टीने भरला, घासला, पुन्हा प्रायमर मारला. गुरूच्या बॉनेटवरचा डागही तिनेच भरला. त्यांनी तो तिच्याकडून भरून घेतला. मग निळा रंग चढला.

आठव्या दिवशी शेठ आईंना घेऊन आले. ते अजून घुश्शातच होते. आई काठी टेकत डाव्या दारापाशी गेल्या आणि थांबल्या. दारात त्यांचं पातळ, त्यांची काठी, मागचं चिंचेचं झाड, सगळं स्वच्छ उमटलं होतं. त्या थोड्या डावीकडे सरकल्या, मग उजवीकडे. एकही रेघ वाकली नाही.

"महालिंगा," त्या म्हणाल्या, "नवी होती तेव्हासुद्धा हिच्यात मी इतकी सरळ दिसत नव्हते."

शेठ आईशेजारी उभे राहून बराच वेळ पाहत होते. त्यांचा राग कधी ओसरला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मग ते हात जोडून वळले. "मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही."

बाबालाल मिस्त्री दोन पावलं मागे सरले. आठ वर्षं ज्या शिष्येला ते पोरी म्हणून हाक मारत होते, तिच्याकडे हात करून म्हणाले, "मला नका सांगू, शेठ. गाडी वैजयंताबाईंनी केली आहे. काय बोलायचं ते त्यांच्याशी बोला."