दुप्पट गोलांचा नियम

कोल्हापुरात सहा मित्र दर हंगामाला कागदावर फुटबॉल खेळत. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपला संघ निवडायचा. ते खेळाडू मैदानात खेळतील तसे निवडणाऱ्याला गुण. निवृत्त कारकून बाबूराव चौगुले दहा वर्षांत यंदा प्रथमच पहिले होते, तेही एका चिवट गोलकीपरच्या जिवावर.

म्हणून ऐन हंगामात अध्यक्ष सर्जेराव इंगवल्यांनी नियमबदलाची बैठक बोलावली. सामने त्यांच्या टीव्हीवर बघायचे असल्याने अध्यक्ष कायम तेच असत.

“गोलचे गुण दुप्पट, गोल अडवल्याचे शून्य. आजपासून लागू,” सर्जेराव म्हणाले. सर्वाधिक गोल मारणारे तिघे त्यांच्याच संघात होते. “खेळाच्या भल्यासाठी हो! यात माझा काय स्वार्थ?”

बाकी चौघांनी टीव्हीकडे बघत माना डोलावल्या.

चाळीस वर्षं साहेबलोकांचे आदेश टंकून दमलेल्या बाबूरावांत वाद घालण्याचं त्राण नव्हतं.

“मंजूर,” ते म्हणाले. “फक्त एक पोटकलम घाला. नियम बदलला की सहाही संघ गुणांसकट चिठ्ठ्या टाकून पुन्हा वाटायचे.”

“आणि माझा संघ?”

“जाईल की कुणाकडे तरी. स्वार्थ नाही म्हणालात, म्हणून सुचवलं.”

“अवो, पण तुमचा गोलकीपर माझ्या वाट्याला आला तर?”

“तर त्याला शून्य. खेळाच्या भल्यासाठी.”

सर्जेरावांनी नियमबदलाचा कागद उचलला. मग “नियम असे घाईनं बदलू नयेत,” म्हणत त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि टीव्ही लावला.