कोरं पान

प्राणी खानावळीत जेवायचे, त्या काळची गोष्ट. टिटवी दर महिन्याला स्वयंपाकघरं तपासून, सापडलेले दोष लिहिलेलं पान दारावर लावायची. साळूबाईच्या पानावर लिहिलं होतं, ‘माठाला झाकण नव्हतं. आता बसवलंय.’ तरसाच्या दारावरचं पान मात्र कोरं होतं.

“ई, उघडा माठ!” सशीण पिल्लाला ओढत म्हणाली. “तरसभाऊंकडे बघ, एक दोष नाही!”

“अगं, त्यांनी मला आतच घेतलं नाही, मग लिहिणार काय!” टिटवी ओरडली.

“तू काय बाई, पान हललं तरी ओरडतेस.”

हळूहळू सगळेच तरसाकडे वळले. साळूबाई खानावळ बंद करून कधी निघून गेली, कुणाला कळलंही नाही.

पावसाळ्यात तरसाकडचं जेवून पिल्लाला हगवण लागली. ते मान टाकायला लागलं, तशी सशीण साळूबाईच्या दाराशी धावली. “ताई, वाटीभर पेज दे गं!”

आतल्या चुलीत गवत उगवलं होतं.