खिंडीतली घुंगरं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण तेव्हा बैल बोलत असत. माणसं मात्र तेव्हाही ऐकत नसत, तेवढं अगदी आजच्यासारखंच होतं.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाबाहेर जायला एकच वाट, आणि ती खिंडीतून जायची. खिंड इतकी चिंचोळी की आत एका वेळी एकच गाडी मावायची. समोरासमोर दोन गाड्या आल्या की संपलंच, कारण जुंपलेल्या बैलांना गाडी मागे रेटणं काही जमत नाही. म्हणून तिथे एक रीत होती. खिंडीच्या तोंडाशी गाडी थांबवायची, बैलाच्या गळ्यातली घंटा मुठीत धरायची आणि कान द्यायचा. आतून दुसरी घंटा ऐकू आली तर थांबायचं, नाही आली तर आपली घंटा वाजवत जायचं. लहानथोर सगळे ही रीत पाळत.

या गावात रखमाजी नावाचा गाडीवान होता. त्याची गाडी साधी, पण हलकी आणि पळायला चलाख. कुणी आजारी पडलं, कुणाचं बाळंतपण आलं की लोक आधी म्हणायचे, "रखमाजीला बोलवा!"

एकदा रखमाजी जत्रेला गेला. तिथे कुणा श्रीमंताची गाडी उभी होती, नखशिखांत नटलेली. माणसं तिच्याभोवती नुसती गोळा झाली होती. शेजारच्या रखमाजीच्या गाडीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. उलट एकाने तिच्या चाकाला टेकून आपला जोडा झटकला. हे रखमाजीच्या मनाला फार लागलं.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "सगुणा, आपली गाडी आता अशी सजवतो की बघत राहशील. चाकांना आणि हरण्याच्या गळ्यात घुंगरं, कडेला आरशांची झालर, दोन्ही बाजूंना पितळी मोर!"

सगुणेचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळ. ती म्हणाली, "गाडी दिसायला कशी का असेना हो. वेळेला गोजराआत्याला घेऊन आली म्हणजे मिळवलं." गोजराआत्या म्हणजे खिंडीपलीकडे राहणारी म्हातारी सुईण. पंचक्रोशीतली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती.

"आणीन ना! राणीसारखी मिरवत आणीन!" असं म्हणून रखमाजी गोठ्यात गेला. तिथे त्याचा म्हातारा बैल हरण्या रवंथ करत बसला होता.

"काय रे हरण्या, तुझं काय मत?"

"धनी, ओझं काय, ओढीन मी," हरण्या म्हणाला. "पण एवढं सगळं वाजायला लागल्यावर दुसऱ्याचं काही ऐकू येईल का तुम्हाला?"

"तुला मेल्या नटण्यामुरडण्यातलं काय कळतंय! कडबा खा."

"बरं," हरण्या म्हणाला आणि कडबा खाऊ लागला.

गाडी सजली. ती गावातून निघाली की पोरं मागे धावायची, बाया दारात यायच्या. "वा रखमाजी, वा!" रखमाजीला अगदी आभाळ ठेंगणं झालं. काम नसलं तरी तो गाडी जुंपून दोन फेऱ्या मारून यायचा.

आणि एके दिवशी दुपारी सगुणेला कळा सुरू झाल्या. शेजारणी धावून आल्या. रखमाजीने गाडी पळवली, गोजराआत्याला बसवलं आणि तसाच माघारी निघाला. खिंडीच्या तोंडाशी रीतीप्रमाणे थांबला. घंटा मुठीत धरली. पण हरण्याने माशी हाकलायला मान हलवली आणि घुंगरं वाजली. घुंगरं थांबतात तोच वाऱ्याने आरसे किणकिणले. एक गप्प केलं की दुसरं वाजायचं.

"थांब जरा, बाबा," गोजराआत्या म्हणाली. "नीट ऐकून घे."

"या वेळेला कोण मरायला येतंय!" रखमाजी म्हणाला आणि त्याने गाडी आत घातली.

खिंडीच्या मध्यावर मिठाच्या पोत्यांनी भरलेली गाडी समोर उभी ठाकली.

"अरे भल्या माणसा, मी घंटा वाजवत आलोय!" मीठवाला ओरडला.

"मीही वाजतच आलो की! ऐकू नाही आलं?"

"आलं ना! मला वाटलं, खिंडीपलीकडे कुणाची वरात चाललीय."

रखमाजीने गाडी मागे ढकलायचा प्रयत्न केला, तर दोन्हीकडचे मोर खडकात रुतून बसले. तो ओढत राहिला, गाडी हलेना. घुंगरं मात्र खळखळत होती. शेवटी त्याने म्हातारीला पाठीवर घेतलं आणि मिठाच्या पोत्यांवरून चढून, पलीकडे उतरून, धापा टाकत तो घराकडे धावला.

गोजराआत्या पोचली तेव्हा बाळ जन्मलं होतं, पण निपचित होतं. तिने त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, चापट्या मारल्या. मग एकदाचं ते रडलं, आणि दाराशी उभा असलेला रखमाजीही रडला.

बाळ वाचलं. सगुणा मात्र फार थकली. पुढे कितीतरी दिवस तिला अंथरुणावरून उठवत नव्हतं. रखमाजी तिच्या उशाशी बसला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खिंडीतून घुंगरं ऐकू येत होती. मला वाटलं, आलेच तुम्ही. किती वेळ वाजत होती हो. तुम्ही काही येत नव्हता."



दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी मोर तोडून गाडी सोडवली. रखमाजीने झालर काढली, घुंगरं काढली. हरण्याच्या गळ्यात फक्त जुनी घंटा ठेवली. घुंगरांचा एक सर त्याने बाळाच्या पाळण्याला बांधला. तिथे तो छान शोभला. पाळणा हलला की वाजायचा आणि बाळ हसायचं.

"शोभतंय की!" गोठ्यातून हरण्या म्हणाला.

या वेळी रखमाजीने ऐकून घेतलं.

तात्पर्य : वस्तू सजवण्याआधी ती कशासाठी आहे ते आठवावं, जी सजावट कामाच्या आड येते, ती शोभा नसून अडथळा असते.