कोनशिलेवरचा कागद

“म्हणजे बाबा, उभं राहू की नको?”

लालगीर बाबांनी मान वर केली नाही. मठाच्या सभामंडपात बसून ते अंबाडीची दोरी वळत होते.

“सध्या तर बसलायस,” ते म्हणाले.

व्यंकटराव माळेगावे हसले, पण हसण्यात जीव नव्हता. दोन वेळा आमदार झालेला हा माणूस गेल्या खेपेला पडला होता. आता पक्षानं लोकसभेचं तिकीट दिलं होतं आणि उद्या अर्ज भरायचा होता. कार्यकर्त्यांच्या गाड्या पुलापाशी थांबवून ते एकटेच मठात चालत आले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. एकट्यानं कुठं जायची त्यांची सवय केव्हाच मोडली होती.

त्यांनी सोबत आणलेलं वर्तमानपत्र बाबांपुढे पसरलं. पहिल्याच पानावर त्यांचा हात जोडलेला मोठा फोटो होता.

“आजचंच आहे. कसा आलाय?”

बाबांनी डोळे बारीक केले.

“वाळलास.”

“काळजीनं बाबा.”

“आमदारकी गेली तेव्हा काय काय गेलं रे तुझं?”

व्यंकटराव विचारात पडले. घर होतं तिथंच होतं. शेत होतं. मुलं मार्गी लागली होती.

“सकाळी अंगणात कुणी नसतं,” ते शेवटी म्हणाले. “पूर्वी उजाडायच्या आत माणसं यायची. कुणाची बदली, कुणाचा दवाखाना, कुणाची विहीर. चहाचं पातेलं दोघांनी उचलावं लागायचं. निकालानंतर चार-सहा दिवसांनी बायकोनं ते पातेलं घासलं आणि माळ्यावर टाकलं. खरं सांगतो, मी पडलो ते मला त्या दिवशी कळलं.”

बाबांनी दोरीला पीळ दिला.

“आता लग्नपत्रिकेत ‘मा. आमदार’ छापतात. माननीय की माजी, ते ज्यानं त्यानं समजून घ्यायचं.”

“तू काय समजतोस?”

“तेच तर दुखणं आहे.” व्यंकटरावांचा आवाज खाली आला. “या खेपेला पडलो तर मी पुन्हा उठायचो नाही बाबा. उमेदच राहणार नाही. म्हणून आलोय. अंगारा लावा, आणि एकदा म्हणा, तू येशील.”

बाबा दोरी वळत राहिले.

वारा सुटला होता. मंडपाच्या दर्शनी खांबावर काहीतरी फडफडत होतं. दोघांनीही तिकडं पाहिलं.

हा मंडप व्यंकटरावांच्याच आमदार निधीतला. खांबावर काळ्या दगडाची कोनशिला होती आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव होतं. निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, तशी तहसीलची माणसं गावोगाव फिरून पुढाऱ्यांची नावं झाकत सुटली. इथंही कागद चिकटवून गेली. पण आता त्या कागदाची एक चिंधी तेवढी उरली होती, आणि ‘व्यंकटराव’ चांगलं उघडं पडलं होतं.

“शेळीनं खाल्ला,” बाबा म्हणाले. “खळ कणकेची होती. तिचा काय दोष?”

व्यंकटराव उठून खांबाशी गेले. अक्षरांवरून त्यांनी अंगठा फिरवला. सोनेरी रंग अजून टिकून होता. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं ते चेहऱ्यावर दिसलंही.

“राहू द्या ना बाबा आजचा दिवस. कोण बघतंय?”

“तहसीलचा माणूस मला सांगून गेला, नाव झाकलेलं राहू द्या म्हणून. मी व्हय म्हणालो.”

“मी फोन करतो तहसीलदाराला.”

“मी व्हय म्हणालो व्यंकट.”

व्यंकटरावांनी काढलेला फोन पुन्हा खिशात घातला.

“माझा हात आता वर जात नाही,” बाबा म्हणाले. “तू लाव. खळ चुलीपाशी आहे.”

“आणि कागद?”

बाबांनी समोरचं वर्तमानपत्र उचललं, आणि पुढं धरलं.

“हा आहे की.”

व्यंकटराव कागद हातात घेऊन उभे राहिले. कायदा त्यांना पाठ होता. फोटो बाहेर ठेवला तर नाव झाकून चेहरा टांगल्यासारखं होईल, ते तर आणखी वाईट. म्हणजे फोटो आत. म्हणजे खळ फोटोलाच लावायची.

त्यांनी जाकीट काढून खुंटीला अडकवलं, बाह्या वर केल्या आणि खळीत बोटं बुडवली. आधी जोडलेले हात माखले, मग छाती. चेहऱ्यापाशी बोटं जरा थबकली… मग तोही माखला.

कागद दगडावर टेकवून ते कोपरे दाबत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

“सरका की भाऊ जरा. टोपली टेकू द्या.”

बांगड्यांची भली मोठी टोपली डोक्यावर घेतलेली एक म्हातारी कासारीण होती. गावोगाव बांगड्या भरत फिरणारी. तिनं कोनशिलेखालच्या कट्ट्यावर टोपली उतरवली, तोंड पुसलं आणि तिथंच बसली. जागा तिच्या सवयीची दिसत होती.

“काय चिकटवायलाव?”

“कागद. निवडणूक आहे ना, नाव झाकावं लागतं.”

“कुणाचं नाव?”

व्यंकटराव वळले. “तुम्हाला माहीत नाही?”

“मला कुठं वाचता येतंय बाप्पा? मला वाटलं, मेलेल्याचं असंल.”

“मेलेल्याचं?”

“मग? जित्या माणसाचं नाव दगडावर कोण कोरतंय?”

मागं बाबांची दोरी वळायची थांबली.

म्हातारीनं फडकं सोडून भाकरी काढली. “आधी हितं नुसतं ऊन होतं. बांगड्या अशा तापायच्या, बायका हात पुढं करीनात. आता सावलीला बसते, भाकर खाते, घटकाभर डोळा लागतोय. जाताना हात जोडते त्या दगडाला. म्हणते, बाबा तू कोण व्हतास ठाव नाही, तिकडं तुला चांगली जागा भेटू दे.”

व्यंकटरावांनी तोंड उघडलं.

जन्मभर भाषणं केलेला माणूस. तो मीच, एवढं म्हणायचं होतं. तेवढ्यासाठी तर सगळी धडपड होती. आणि समोर कुणीतरी पहिल्यांदाच काही न मागता त्यांचं भलं चिंतत होतं. फक्त ते मेले आहेत, असं धरून.

त्यांनी तोंड मिटलं. कागदाचा एक कोपरा सुटत होता, तो तळव्यानं दाबून धरला.

म्हातारीची भाकरी झाली. ती पाणी प्यायली, तिनं पदर सावरला, आणि त्या वर्तमानपत्र चिकटवलेल्या दगडाला रोजच्यासारखे हात जोडले.

“जरा हात लावा भाऊ. डोक्यावर द्या.”

व्यंकटरावांनी वाकून टोपली उचलली. वजन बरंच होतं. एवढं ओझं घेऊन ही बाई रोज चालते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. टोपली तिच्या चुंबळीवर नीट बसेपर्यंत त्यांनी धरून ठेवली.

“बरं झालं तुम्ही व्हता,” म्हातारी म्हणाली आणि बांगड्यांचा किणकिणाट करत पायवाटेनं निघून गेली.

ती दिसेनाशी होईपर्यंत व्यंकटराव उभे होते. मग बाबांजवळ येऊन बसले. बोटं खळीनं चिकट झाली होती. ते एकदम हसायला लागले, अगदी पोट धरून. बाबाही हसले. दोघं म्हातारे पोरांसारखे हसत बसले.

हसू ओसरलं. व्यंकटरावांनी डोळे पुसले, तर खळ गालाला लागली. त्यांना फार हलकं वाटत होतं. अंगारा मागायचा राहून गेला होता, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

“उद्या अर्ज भरतो बाबा.”

“भर.”

“पडलो तर इथं येऊन बसेन.”

“बस. अंबाडी पुष्कळ आहे.”

पुलावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला. कार्यकर्त्यांना उशीर होत होता. व्यंकटरावांनी जाकीट खांद्यावर टाकलं, बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते निघाले. पायरीपाशी काहीतरी आठवून वळले.

“आणि निवडून आलो, तर पेढे घेऊन येतो.”

बाबांनी पुन्हा दोरी हातात घेतली होती.

“पेढे नको…” ते म्हणाले. “खळ घेऊन ये.”