पोसायचं टाकं

खडपे बेटावर जायला सारखोलच्या धक्क्यावर तिकीट लागत नाही, तांब्याभर गोडं पाणी लागतं. धक्क्यामागे भंडाऱ्यांची विहीर आहे. तिचं पाणी आपल्या हाताने ओढायचं, कठड्यावर ओळीने पालथ्या घातलेल्या तांब्यांपैकी एक भरून घ्यायचा आणि होडीत तो मांडीवर धरून बसायचं.

आम्ही तिघी मैत्रिणी गेलो तेव्हा हे ठाऊक नव्हतं. सुमतीने पिशवीतली पाण्याची सीलबंद बाटली काढून दाखवली, तर होडीवाले लडकू नाखवा हसले. सत्तरी ओलांडलेले, पण वल्ह्यावर हात घट्ट.

"बाय, इकतचं पानी आमचं टाकं ओलखत नाय. इहिरीचं आन."

आणलं. भर दुपारी बेटावर उतरलो, चाळीसेक पायऱ्या चढलो आणि वर काळ्या दगडात बांधलेली दोन टाकी दिसली, अगदी शेजारी शेजारी. एक कोरडं. त्याच्या भिंतींना भेगा आणि भेगांतून मिठाचे पांढरे ओघळ. दुसरं मात्र काठोकाठ भरलेलं. आम्ही लगेच तांबे ओतायला वाकलो, तर नाखव्यांनी हात आडवा केला. "आधी बसा. कुनाच्या टाक्यात ओतताव ते तरी ऐका." मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

फार वर्षांपूर्वी खडप्यावर कोळ्यांची चाळीस घरं होती म्हणे. बेटावर गोड्या पाण्याचा एकच झरा, तोही मचूळ होत चालला होता. म्हणून गावकीने पावसाचं पाणी साठवायला दगडी टाकं बांधायचं ठरवलं. दगड बेटाचाच होता, चुना मात्र शिंपल्यांचा. शिंपले भट्टीत भाजायचे, ती भुकटी पाण्यात विझवायची आणि वाळूत मळून दगडांच्या सांध्यांत भरायची. भट्टीचं काम पोसाय नावाच्या सुनेकडे होतं. माहेरून ती हे काम शिकून आली होती, आणि तिच्या चुन्याचा वाडीत लौकिक होता.

पण चुन्याला पाणी फार लागतं. त्या साली प्यायलाच पुरेना. मृग चार दिवसांवर आला आणि भिंत अजून अर्धी. तेव्हा पोसायने बायकांना सांगितलं, "दर्याचं घ्या. पानी ते पानी."

टाकं वेळेत उभं राहिलं. पावसात तुडुंब भरलं, सगळ्यांनी पूजा केली, पोसायची ओटी भरली. मार्गशीर्ष लागला तसं पाणी उतरू लागलं. खाऱ्या पाण्याने चुन्याची पकडच बसली नव्हती. सांधे भुसभुशीत होऊन गळत होते आणि उरलेलं पाणी तोंडात धरवेना. पौषात टाकं कोरडं पडलं.

गावकी बसली. पाटील म्हणाला, शिमगा झाला की बेट सोडायचं. घरांची लाकडं काढायची, देव उचलायचे आणि सारखोलच्या वाळूवर जाऊन राहायचं. कुणीच पोसायकडे बघत नव्हतं. तीच उठून उभी राहिली.

"चूक माझी हाय. मिरगापरेंत थांबा. दुसरं बांधते."

"पानी कुठशी आनशील?" तिची सासू हिराय तिथेच कडाडली. "का परत दर्याच ओतशील?"

पोसायने त्याच जागी नेम धरला, असं सांगतात. नव्या टाक्याच्या चुन्यात खाऱ्याचा थेंब पडणार नाही. आणि ते टाकं पाणी धरीपर्यंत ती स्वतः बेटावर पाण्याचा घोट घेणार नाही.

फुटकं टाकं बांधणारीला होडी द्यायला कुणी तयार नव्हतं. म्हणून ती ओहोटीची वाट बघायची. पाणी कमरेइतकं उतरलं की डोक्यावर हंडा घेऊन बेटापासून किनाऱ्यापर्यंत गेलेल्या वाळूच्या दांड्यावरून सारखोलला चालत जायची, तिथेच ओंजळीने पाणी प्यायची आणि भरल्या हंड्याने भरतीच्या आत परतायची. विहीर केरू भंडाऱ्याची. तो माडावरून उतरता उतरता रोज टोमणा मारी, "अख्खा दर्या तुमचा, नि पानी आमचं? उद्या मासं बी आमच्या इहिरीतलंच नेशील!" पोसाय हंडा भरे, चुंबळ नीट करी आणि निघे.

पंधरा दिवस ती एकटी चालली. सोळाव्या दिवशी मागे पाण्यात चाहूल लागली. वळून बघते तर हिराय, डोक्यावर घागर.

"बघतेस काय? चाल मुकाट. भरती काय तुझी वाट बघनार हाय?"

मग बायका वाढत गेल्या. दगड लावायला गडी आले. वाळूसुद्धा पोसायने गोड्या पाण्यात दोनदा धुऊन घेतली. वैशाख सरत आला तेव्हा तळाचा एक कोपरा तेवढा राहिला होता. आणि नेमकी त्या दिवशी पावसाळी हवा लवकर फिरली. पोसाय आणि हिराय शेवटचं पाणी भरायला सारखोलला आल्या आणि मागे दांडा बुडाला. लाटा उठल्या. बेटावरच्या होड्या पावसासाठी वर ओढून शाकारल्या होत्या. भट्टीतला शेवटचा चुना तिकडे वाट बघत होता आणि आभाळ काळं होत होतं.

पोसायने हंडा डोक्यावर घेतला आणि सरळ पाण्यात शिरली. छातीपर्यंत गेली, तरी थांबेना. हिराय हाका मारून थकली. ते बघून केरू भंडारी माडावरून सरसर खाली आला म्हणे. त्याने तिला धरून मागे आणलं आणि आपली होडी ढकलली. "एका हंड्यानं काय व्हनार? दोन लाटांत तोही सांडंल," म्हणत त्याने साऱ्या आळीला हाक दिली. ज्याच्या घरात जे भांडं हाताला लागलं ते विहिरीवर आलं. सारखोलची माणसं, ज्यांचं बेटावर काहीच नव्हतं, मांडीवर तांबे धरून त्या लाटांतून खडप्याला आली.

तिन्हीसांजेच्या आत कोपरा भरला. म्हणे त्यानंतर तीन दिवस सारखोलवर धो धो पाऊस झाला आणि बेटावर एक थेंब नाही. चुना सुकला, मगच आभाळ फुटलं. इथे नाखवा म्हणाले, "खरं-खोटं दर्याला ठावं. टाकं मात्र गललं नाय."

पौष आला, माघ आला, टाकं भरलेलंच राहिलं. पोसायने पहिला तांब्या काढला. सगळ्यांना वाटलं, नेम फिटला, आता ती पिईल. तिने तो केरूच्या हातात दिला आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी प्याली. जुनं टाकं पाडून दगड वापरू, असं पाटील म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. माझी चूक हाय ती. दिसूं दे लोकांना."

म्हणून आजही दोन्ही टाकी शेजारी आहेत. आजही परक्या माणसाने आणलेलं पाणी पडल्याशिवाय खडप्याचं टाकं उपसत नाहीत आणि पहिला घोट त्या परक्यालाच देतात.

आम्ही उठलो. सुमती तांब्यात बघत तशीच उभी राहिली. येताना होडी हेलकावली होती आणि तिचं निम्मं पाणी साडीवर सांडलं होतं.

"नाखवा, एवढंसंच उरलंय. चालेल?"

"वत, बाय," ते म्हणाले. "केरूच्या होडीतलं तांबं काय भरलेलं आलं व्हतं?"

तिने ओतलं. नाखव्यांनी तोच तांब्या टाक्यात बुडवून काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला. ते स्वतः शेवटी प्याले.