नागोजीचा रथ

ही गोष्ट फार जुन्या काळची. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणत्या राजाचं होतं हेही आता कुणाला सांगता यायचं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात नागोजी नावाचा गृहस्थ राहायचा. त्याच्या हातात कसब होतं. कुणाचा नांगर मोडला, कुणाचा पाळणा कुरकुरायला लागला, की लोक नागोजीचंच दार ठोठावायचे. त्याच्या बायकोचं नाव सारजा. दोघांनी आपलं घर स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. भिंतींची माती तिनं तुडवली होती, छपराचं सागवानी आढं त्यानं तासलं होतं.

शेजारी हैबती राहायचा. तो शेळ्या राखायचा. त्याला साधी खुंटीसुद्धा सरळ ठोकता येत नसे, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे.

एकदा राजाच्या सरदारांनी माळावर रथांची शर्यत लावली. वळणावर एक रथ कलंडला आणि ओढ्यात जाऊन आदळला. चाकं फुटली, चाकांना जोडणारा आख मोडला. सरदाराची माणसं घोडे सोडवून घेऊन गेली आणि रथ तिथंच टाकून दिला. हैबतीनं आपले दोन गोऱ्हे जुंपले आणि ते मोडकं धूड ओढत अंगणात आणलं.

"काय करणार याचं? चुलीत घालणार?" नागोजीनं विचारलं.

"नीट करणार," हैबती म्हणाला. "लहानपणापासून रथात बसायची हौस आहे, आणि मला कोण बोलावून बसवणार? नागोजी, चाकात आरे कसे बसवतात तेवढं दाखवशील का?"

नागोजीच्या दृष्टीनं ते बसल्या बैठकीचं काम होतं. पण शेळ्या राखणाऱ्यानं रथाचं नाव काढावं, हेच त्याला रुचलं नाही. "मला सवड नाही," असं म्हणून तो घरात गेला.

हैबती एकटाच कामाला लागला. त्यानं चाक केलं, ते अंडाकृती झालं. दुसरं केलं, ते चावडीपुढं निखळून पडलं. सगळा गाव हसला. त्या दिवशी नागोजी दोन घास जास्त जेवला.

पण हैबती हटला नाही. मोडायचा, जोडायचा, पुन्हा मोडायचा. आणि एके दिवशी सकाळी त्याचा रथ गल्लीतून असा निघाला की धूळसुद्धा उडेना. बायकांनी चाकांना हळदकुंकू लावलं. चावडीवरचा एक म्हातारा म्हणाला, "हैबती, हे नागोजीलाही जमलं नसतं बघ."

म्हातारा सहज बोलून गेला, पण नागोजीच्या काळजात ते कुसळासारखं रुतलं. जेवताना, झोपताना, दुसऱ्याचा नांगर सांधताना त्याला तेच ऐकू येई. हैबतीचा रथ दारावरून गेला की त्याच्या अंगाची लाहीलाही होई, आणि नाही गेला तर तो कान देऊन वाट बघे.

शेवटी त्यानं ठरवलं. आपणही रथ करायचा. मोडका सांधून नव्हे, मुळापासून नवा. हैबतीच्या रथापेक्षा हातभर उंच आणि हातभर रुंद.

अशा रथाला मुरलेलं लाकूड हवं. रानातलं ओलं लाकूड वाळेपर्यंत थांबायला त्याला धीर नव्हता. त्यानं आधी फडताळ काढलं. मग माजघराच्या दाराची चौकट काढली. मग छपराचे एकाआड एक वासे उतरवले. एक दिवस तो मधल्या खांबापाशी करवत घेऊन उभा राहिला, तेव्हा सारजा आडवी आली.

"अहो, या खांबावर आढं आहे. हैबतीनं रथ केला तर आपलं काय गेलं?"

"तुला नाही कळायचं," नागोजी म्हणाला. "बांबूचा टेकू देतो. रथ झाला की याच्या दुप्पट घर बांधीन."

"लोक तुम्हाला आधी काय कमी मानत होते?"

 नागोजीनं टेकू लावला आणि खांब कापून नेला.

रथ झाला. खरं सांगायचं, तर असा रथ त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. चाकांवर वेलबुट्टी, दांडीवर मोर. नागोजी गावाला बोलवायला निघणार, एवढ्यात भर दुपारी वावटळ उठली. टेकू सरकला आणि आढं खाली आलं. सारजा चुलीपाशी होती.

लोकांनी माती उपसून तिला बाहेर काढलं. जीव होता, पण मांडीचं हाड मोडलं होतं. हाडवैद्य नदीपलीकडच्या गावात राहायचा. नागोजीनं आपल्या रथाला बैल जुंपले, सारजेला आत निजवलं आणि बैल हाकले. गल्लीच्या तोंडाशी रथ दोन्ही भिंतींत अडकला. हातभर जास्त रुंद केला होता ना. पुढं जाईना, मागं येईना. सारजा कण्हत होती.

हैबती आपला रथ मागच्या बोळातून फिरवून अडकलेल्या रथापुढं घेऊन आला.  दोघांनी मिळून तिला उचलून हैबतीच्या रथात निजवलं.

वाटभर नागोजी बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पण मंडळी, मत्सर मोठा चिवट असतो. तशातही त्याची नजर खाली चाकाकडे गेली आणि मनात आलं, याचं चाक माझ्यापेक्षा हलकं फिरतंय. त्याच वेळी सारजेनं त्याचा हात घट्ट धरला. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

वैद्यानं हाड बसवलं. "जगेल," तो म्हणाला, "पण पाय थोडा आखूड राहील."

परतताना नागोजी म्हणाला, "हैबती, आख चांगला बसवला आहेस."

हैबती म्हणाला, "तू दाखवलं असतंस तर लवकर बसला असता."

नागोजीनं आपला रथ स्वतःच्या करवतीनं कापला. त्या लाकडात पहिल्याच्या निम्मंच घर उभं राहिलं, आणि त्या घरात सारजा जन्मभर काठी टेकत लंगडत वावरली. काठीचा आवाज आला की नागोजी हातातलं काम थांबवायचा.

म्हणून सांगतो: शेजाऱ्याच्या बरोबरीला पेटलेला माणूस सरपण मात्र आपल्याच घराचं करतो.