शेवंतीचं शाही जेवण

तीन दिवस शेवंतीने अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि तीन दिवस करंजगडचा सगळा कारभार बंद होता!

शेवंती म्हणजे राजे भवानरावांची लाडकी कुत्री. एका परदेशी व्यापाऱ्याने नजर केलेली, वीतभर उंचीची, रेशमी केसांची. उशीवर ठेवली तर उशीच वाटावी. आता ती खरोखरच उशीसारखी पडून होती. केस गळत होते, पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. समोर सोन्याच्या ताटात बासुंदी, मनुका घातलेला शिरा आणि तुपात परतलेलं मटण तसंच निवत होतं.

"महाराज, अन्न शाही कमी पडतंय!" वैद्य गुणाजीराव म्हणाले. "बासुंदीत मोत्यांचं भस्म घालू."

भस्म घातलं, बळेच भरवलं. शेवंतीने ते गालिच्यावर ओकून टाकलं.

राजे भडकले. "मुदपाकखान्यात बावीस माणसं, आणि या एवढ्याशा जिवाला मानवेल असा घास कुणाला रांधता येत नाही? आठ दिवस देतो! नाहीतर बावीसच्या बावीस जण बायकापोरांसह राज्याबाहेर!"

प्रधान राणोजीराव लगेच पुढे सरसावले. "आणि अन्न शाहीच हवं, महाराज. गरिबाघरचं काहीबाही नको. दरबारातल्या एकूणएक मानकऱ्याने ते शाही म्हणून कबूल केलं पाहिजे."

"मंजूर!"

मुदपाकखान्यात रडारड सुरू झाली. मुख्य आचारी अंतोबाने कपाळाला हात लावला. "तिला मानवेल ते या लोकांना शाही वाटणार नाही, आणि यांना शाही वाटतं ते खाऊनच ती मरायला टेकलीय! यातून वाट कशी काढायची?"

कोपऱ्यात सारजाबाई दळत होती. जात्यापेक्षा तिची जीभ बारीक दळते, असं सगळे म्हणत. ती पदराला हात पुसत उठली. "अंतोबादादा, रडायचं नंतर. आधी मला महाराजांकडे न्या."

राजांपुढे उभी राहून तिने विचारलं, "महाराज, शेवंतीबाईंचं पोट केवढं?"

"केवढं?"

"माझ्या मुठीएवढं. आणि भरवणारे हात किती?"

राजांनी दरबारावर नजर फिरवली. त्यांची मर्जी राखायला जो तो शेवंतीला काही ना काही भरवायचा. कुणी लाडू, कुणी जिलबी. मोजले तर चाळीस हात भरले.

"हत्तीण असती तरी एव्हाना आडवी झाली असती! आठ दिवस तिला माझ्या खोलीत राहू द्या. कुणी भेटायला यायचं नाही. लाडू घेऊन तर नाहीच नाही!"

"दळण दळणारी बाई कुत्रीला काय घालणार? कोंडा?" वैद्यबुवा खिदळले.

"तुम्ही मोती घातलेत, वैद्यबुवा. कोंडा निदान पचला तरी असता!"

राजांनी हसू मिशीत दाबलं आणि परवानगी दिली.

पहिल्या दिवशी सारजाने नुसती तांदळाची पेज पुढे ठेवली. शेवंतीने वास घेतला आणि तोंड फिरवलं. सारजाने विनवण्या केल्या नाहीत, वाटी उचलून ठेवली.  तिकडे अंतोबाच्या बायकोने बोचकी बांधायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी शेवंतीने दोनदा जीभ लावली. तिसऱ्या दिवशी वाटी चाटूनपुसून साफ! मग मऊ भात, उकडलेला भोपळा आणि हाडं काढून बारीक केलेली कोंबडी. मीठ नाही, मसाला नाही, कांदा तर अजिबात नाही. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. सातव्या दिवशी शेवंती कावळ्यामागे अंगणभर धावली.

आठव्या दिवशी दरबार भरला. अंतोबाने प्रत्येक मानकऱ्यापुढे चांदीची वाटी ठेवली. सारजा म्हणाली, "हा राजवाड्यातल्या एका खास मर्जीतल्या व्यक्तीच्या आवडीचा पदार्थ. राजेसाहेबांच्या परवानगीने मानकऱ्यांनी चव बघावी आणि शाही आहे की नाही ते सांगावं."

राजांनी कुतूहलाने मान हलवली. मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. राजवाड्यात खास मर्जीतलं कोण? नक्कीच राणीसाहेब!

"वाहवा!" पहिला घास गिळत प्रधानजी म्हणाले. "खानदानी चव! मीठ कसं, नावालाही नाही!"

"मीठ तर कुणीही घालतं," वैद्यबुवांनी वाटी खरवडली. "शाही! अगदी शाही!"

"शाही! शाही!" साऱ्या दरबाराने री ओढली.

तेवढ्यात शेवंती दुडुदुडु धावत आली, राजांच्या पायाला अंग घासून थेट अंतोबाच्या पातेल्यापाशी गेली आणि त्यातलं अन्न मचामचा खाऊ लागली.

"हीच ती मर्जीतली व्यक्ती, महाराज!" सारजा म्हणाली. "पाच दिवस हिचं हेच जेवण."

वैद्यबुवांनी खरवडलेली वाटी झटकन दूर सारली. प्रधानजी ताडकन उठले. "कुत्रीचं अन्न मानकऱ्यांना? हा दरबाराचा अपमान आहे!"

"अपमान कसा, प्रधानजी? खानदानी चव म्हणालात ना आत्ताच?"

राजांनी प्रधानजींच्याच वाटीतला घास तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "अरे, हे तर ठार अळणी आहे! सारजाबाई, कुत्रीला हे आवडलं ते समजलं. पण या सगळ्यांना कसं आवडलं?"

"त्यांना कुठं आवडलंय, महाराज?" सारजा हात जोडून म्हणाली. "फरक एवढाच, की शेवंतीबाई आवडलं तरच शेपूट हलवतात!"

 मग राजे असे हसले की सिंहासनाचा लोड घरंगळून खाली पडला! हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सारजाला दिलं, मुदपाकखान्याचा सगळा कारभार तिच्या हाती सोपवला आणि डोळे पुसत हुकूम सोडला, "आणि हो, आमच्या मानकऱ्यांना महिनाभर हेच शाही जेवण वाढा!"